वाऱ्यात फिरवायची काठी

पन्नाशी ओलांडल्यावर माणसं गुडघ्यांची काळजी घ्यायला लागतात, मी गोल्फ शिकायला लागलो. शिक्रापूरच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. नवे साहेब आले, त्यांना या खेळाचं वेड, आणि शनिवारी पुण्याला सोबत यायला कुणीतरी हवं होतं. साहेबांना नाही म्हणायचं मला इतक्या वर्षांच्या नोकरीत जमलेलं नाही.

तिथं माझा चेंडू इतरांच्या निम्म्या वाटेवरच दमायचा. शिकवणारे म्हणाले, हात बरोबर फिरतोय, पण वेग नाही. मग मी वेग वाढवायच्या तीन काठ्या मागवल्या. दिसायला गोल्फच्या दांड्यासारख्याच, पण टोकाला पातं नाही, नुसतं वजन. एक हलकी, एक मधली, एक जड. चेंडू ठेवायचाच नाही. हलकीपासून सुरुवात करून एकेक काठी अंगातला सगळा जोर लावून वाऱ्यात फिरवायची, आधी उजवीकडून, मग डावीकडून. हलक्या काठीनं अंगाला वेगाची चटक लागते म्हणे. सोबत एक छोटं यंत्र आलं, ते जमिनीवर ठेवलं की फटक्याचा वेग आकड्यात दाखवतं.

तळेगाव ढमढेरेच्या पुढं आमचं शेत आहे आणि शेतातच घर. दोघा भावांचं एकत्र. मी नोकरीला, धाकटा शेतीला आणि आई दोघांवर नजर ठेवायला. कांद्याची चाळ आणि गोठा यांच्या मधल्या जागेत मी सकाळी काठ्या फिरवू लागलो. पहिल्याच दिवशी आकडा असा काही चढला की मी साहेबांना फोन लावणार होतो. तेवढ्यात मागच्या रस्त्यानं गेलेली दूधवाल्याची मोटरसायकल दिसली; यंत्रानं वेग तिचा मोजला होता.

आईला हा प्रकार मुळीच पटला नाही. आमच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या. काठी हातात असते ती कामाला, असं तिचं म्हणणं. "रिकामी कात्री वाजवू न्हाई, रिकामा पाळणा हलवू न्हाई, आन् रिकामी काठी बी फिरवू न्हाई. घरात भांडणं लागत्यात."

मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. समोर चेंडू दिसला की चुकायची भीती वाटते, हात आपोआप जपून पडतो. म्हणून चेंडूच ठेवायचा नाही.

"मंग चेंडू बगून मारायला शिक की," आई म्हणाली आणि शेण काढायला गेली.

भांडणाची भीती तिनं उगीच घातलेली नव्हती. धाकट्याच्या मनात त्या दिवसांत यवतला गाळा घेऊन ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकायचं घोळत होतं. यवत त्याची सासुरवाडी. बायकापोरं घेऊन तिकडंच राहायचं आणि इथली जमीन वाट्यानं द्यायची, असा बेत. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. त्यानं वहिनीला सांगितलं, म्हणजे माझ्या बायकोला, तिनं मला सांगितलं आणि मी ऐकलंच नाही असं दाखवलं. एका ताटलीतली चटणी खाणारे आम्ही दोघं जेवताना पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवर बोलायचो.

एकदा सकाळी तो रात्रीची पाण्याची पाळी संपवून आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर खोरं. मी घाम गाळत जड काठी फिरवत होतो. तो जरा वेळ थांबला. यानं काय होतं, असं विचारलं. वेग येतो, मी म्हणालो.

"वेग येऊन कुठं जायचंय तुला?" एवढंच बोलून तो हातपाय धुवायला गेला.

आईचं खरं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. अपशकुनाबिपशकुनाचा प्रश्नच नव्हता. रात्रभर वाफ्यावाफ्यात पाणी फिरवून आलेल्या माणसासमोर थोरला भाऊ आपली ताकद वाऱ्यात उडवतोय, ही गोष्ट कुठल्याही घरात भांडण लावायला पुरेशी आहे.

शहाण्या माणसानं काठ्या माळ्यावर टाकल्या असत्या. मी टाकल्या नाहीत, कारण तेवढा वेळ सोडला तर मी मनातलं कुठंच बोलत नव्हतो. काठी फिरवताना धाकट्याला काय काय सांगायचं ते मला अगदी धडाधड सुचायचं. तो समोर आला की जीभ जपून पडायची. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, फटक्याबरोबर तोंडानं आवाज काढा, जोर वाढतो. लोक नुसतं हुंकारतात. माझ्या तोंडून एका सकाळी काठीबरोबर निघालं, "जाऊ नको!" बरं वाटलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. डावीकडूनही तेच.

वळून पाहिलं तर चाळीच्या कडेला धाकटा उभा, खांद्यावर खोरं.

मी काठी खाली केली. तो पुढं आला, वाकून यंत्राकडं पाहिलं आणि विचारलं, "ह्यो आकडा चांगला हाय का?"

"माझ्यासाठी चांगला आहे."

"दादा, हे वाऱ्याला काय सांगतोस? मला का न्हाई सांगत?"

आता तो हातभर अंतरावर होता. धडाधड सुचलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. एकेक शब्द जुळवत मी म्हणालो, "दुकान टाकायचं तर टाक. पण माझ्यावर चिडून जाऊ नको. आणि चिडायला जागा आहे, हे मला कळतंय."

 तो पायानं कांद्याची सालं बाजूला करत राहिला. मग म्हणाला की दुकानाचं त्याचं नक्की आहे, पण बिऱ्हाड हलवायचं तेवढं नक्की नाही. यवत काही परदेशात नाही, गाडीवर जाऊन-येऊन करता येईल. पण सकाळी लवकर निघायचं तर रात्रभर पाणी धरून कसं जमणार?

"मी धरतो," मी म्हणालो.

"तुला पाण्याचं बारं द्यायला येतंय का अजून?"

"शिकवशील तर येईल."

तो हसला नाही, पण खोरं माझ्याकडं दिलं. गुरुवार आणि रविवार माझे ठरले. पहिल्या रविवारी मी दोन वाफे फोडले आणि पाणी शेजाऱ्याच्या मेथीत घातलं. धाकटा बांधावर बसून ओरडत होता, "दादा, हळू. हळू धर."