देवरावची चकचकीत नळी

“माया हातच्या नळीत तोंड पाह्यून घ्या, मॅडम. डाग दाखवा, मंग बोला.”

देवराव गजभिये प्रयोगशाळेतलं काचसामान धुवायचा. सक्करदऱ्याहून सायकलनं आला, की पहिलं काम म्हणजे सारी काच नारिंगी क्रोमिक आम्लात बुडवायची. निघायची ती आरशावानी. त्यावर त्याचा लई रुबाब.

संशोधन करणाऱ्या चारुशीला मॅडम चिडल्या नाहीत, समजावत बसल्या. महिनोन्‌महिने खपून त्यांनी जवसाच्या बियांतून एक प्रथिन काढलं होतं. नळीत भरून चुंबकाच्या यंत्रात ठेवलं की त्यातले अणू बोलतात, पण कसे, तर भर लकडगंजाच्या गलक्यात कोणी कुजबुजावं तसे. म्हणून यंत्र तेच ते पुन्हा पुन्हा ऐकतं आणि बेरीज करत जातं. कुजबुज साचत जाते, गलका आपसातच कटतो. पण क्रोमिकमधलं क्रोमियम काचेला चिकटून राहतं, डोळ्याला दिसत नाही, आणि ते स्वतःच चुंबकी. ते त्या कुजबुजीचा पार लगदा करतं. मग आठवडाभर बेरीज करा, हाती काही नाही. अर्धं प्रथिन तसंच वाया गेलं होतं. उरलेलं एका नळीपुरतं.

“आता ही कोरी घेते,” म्हणत त्यांनी डब्यातली शेवटची विलायती नळी उचलली आणि पिपेट भरली.

देवरावनं हातचा फ्लास्क खाली ठेवला. गप्प राहिलं तर कोणाले कळणार होतं? नळी तर कोरीच दिसत होती.

“भरू नका,” तो म्हणाला. “सकाळी म्याच धुतली ते. नवं भांडं बिनधुतल्याचं कोनी वापरते का?”

“त्याच आम्लात?”

“हो. दोनदा.”

मॅडमनी पिपेट परत कुपीत रिकामी केली आणि स्टुलावर बसल्या. “देवराव, तुमची स्वच्छता माझा प्रबंध खाणार.”

मग क्रोमियम निघावं म्हणून नळी नायट्रिक आम्लात भिजत पडली, डिस्टिल्ड पाण्यानं खळखळून निघाली. धुणारा देवरावच, मॅडमनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्याले ती जरा मंदच वाटली, आरशावानी नाही.

यंत्र दिवसभर बेरीज करत राहिलं. शेवटी कागदावर पेनानं बारीक बारीक टेकाडं काढली. मॅडमनी त्याला बोलावून ती साचलेली कुजबुज दाखवली.

“येवढंसंच?”

“एवढंच पाहिजे होतं.”

बरं, म्हणून तो मोरीकडं वळला. बी.एस्सी.च्या पोट्ट्यांनी फ्लास्कांचा ढीग टाकला होता. त्या फ्लास्कांना क्रोमिक चालत होतं. त्यानं बाह्या वर सारल्या.