पेटीतले दोन हप्ते

कर्ज मी फेडलं. गावासमोर फेडलं, गळ्यात हार घालून घेतला. तरी बाजाराच्या दिवशी भाजीच्या रांगेकडे जायचं म्हटलं की पाय दुसरीकडेच वळायचे. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आमच्या अमडापुरात खामगावला कापूस विकून गाडी परतली की गाडीमालक थोडे पैसे पोरांच्या शिक्षणासाठी बाजूला काढी. त्या फंडातून मी अमरावतीला कॉलेजात शिकलो. व्याज नाही, कागद नाही. रीत एकच. नोकरी लागली की दर अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हप्ता आणायचा आणि पंचांसमोर, पण पुढे शिकायला जाणाऱ्याच्याच हातात द्यायचा. सालदारही त्याच दिवशी ठरत. वर्षभराचं जे काय ते अखजीलाच.

मला बुलढाण्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली. पहिल्या अखजीला हप्ता तयार होता, पण मी गेलो नाही. माझ्या हाती फंडाचे पैसे पडले तेव्हा पारावर एक जण म्हणाला होता, "देऊन तं राह्यले, पण हे काही वापस येत नाही बे." ते डोक्यात बसलं होतं. ठरवलं, चिल्लर न्यायची नाही. सगळी रक्कम एकदम ताटात ठेवायची, त्या माणसासमोर. निरोप धाडला, पैसे पेटीत आहेत, जरा थांबा. पुढच्या अखजीलाही तोच निरोप. दोन हप्ते माझ्या लोखंडी पेटीत, धोतरांच्या घडीखाली पडून.

त्या दुसऱ्या वर्षी फंडातून शिकायला जायची पाळी एका माळ्याच्या मुलीची होती. सातवी पास झालेली, मास्तरणीच्या ट्रेनिंगला निघालेली. कापसाचा भाव पडला होता, फंडात दुसरं काही नव्हतं. भिस्त माझ्या हप्त्यावर होती. अखजी गेली, आणि त्याच वैशाखात बापानं तिचं लग्न लावून टाकलं.

तिसऱ्या वर्षी रक्कम पुरी झाली आणि मी ताट नेलं. पारावरच्या त्याच माणसानं माझी पाठ थोपटली. गेल्या वर्षी पाळी होती ती मुलगी कुठे आहे विचारलं, तेव्हा सगळं कळलं. हार काढायचंही सुचलं नाही.

तिचं सासर बुलढाण्याजवळच निघालं. चौदा-पंधरा वर्षं दर बाजाराला ती भाजी घेऊन बसे आणि मी वळसा घाली. परवा तिनंच हटकलं.

"वांगे नका घेऊ भाऊ, पण तोंड काऊन फिरवता?"

मी उगाच वांगी चाचपू लागलो. ती म्हणाली, "पोरगी सातवी झाली माही. ट्रेनिंगले जातो म्हणते."

मग मला राहवलं नाही. पेटी, धोतरं, ताट, सगळं तिथंच बोलून मोकळा झालो. ती एका गिऱ्हाइकाला भेंडी तोलत होती. तोलून झाली, पैसे कनवटीला लावले, मग म्हणाली, "मले माहीत हाये. बाप म्हणे, पैसा पेटीत अन् बाबू पेटीवर."

ती हसली. मला हसू आलं नाही.

"पोरीचा सगळा खर्च मी देतो," मी म्हणालो. "उद्याच आणतो."

"पुन्हा ताट?" ती म्हणाली. "नाही भाऊ. रीतीनं आणा. दर अखजीले, पोरीच्या हातात. अन् माह्या वेळेस काऊन आले नाही, थे तिले तुम्हीच सांगजा. मी सांगत नाही."

अखजी तोंडावर आली आहे. हप्ता तयार आहे, त्याचं काही नाही. त्या पोरीसमोर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मात्र कचेरीत, जेवताना, रस्त्यानं जाता-येता जुळवतो आहे. दर खेपेला ते पारावरच्या त्या माणसापासूनच सुरू होतं. तिथून सुरू करायचं नाही, एवढंच आतापर्यंत ठरलं आहे.