पाठीचं चित्र

आमची सिंधू, म्हणजे माझी बायको, कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची. ताट, भाकरी, वांगं, साडी, काहीही. दुकानदार पदर पसरून जरीचं कौतुक सांगत असायचा आणि ही तोच पदर पालथा करून मागचे धागे बघत बसायची. तो वैतागला की म्हणायची, "वरनी बाजू इकाकरता ऱ्हास, भाऊ. उलटी बाजू खोटं बोलस नही." सगळा जन्म सुरतेत गेला, पण अहिराणी तिनं सोडली नाही. गुजराती माणसाशीही तीच बोलायची आणि कसं कोण जाणे, त्याला कळायचं.

मुलीला बघायला शहाद्याहून पाहुणे आले, तेव्हा ते आत पोहे खात होते आणि ही बाहेर ओट्यावर त्यांच्या चपला उलट्या करत होती. मी दारातून बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत येऊन माझ्या कानाशी म्हणते, "पोऱ्यानी टाच झिजेल शे. हिंडसफिरस, बठेल नही." जावई कष्टाळू निघाला. तेवढ्या एका गोष्टीवरून तिनं मला पुढं जन्मभर ऐकवलं.

मी सुरतेतल्या उधन्याला लूमच्या खात्यात, यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्तर होतो, म्हणजे यंत्र बिघडलं की दुरुस्त करणारा. तिथला आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. समोरचा काय बोलतो ते ऐकू येतच नाही, म्हणून आपणच अंदाज करायचा आणि ओरडून सांगून टाकायचं. कारीगर तोंड उघडायचा, तोवर मी म्हणायचो, "बीम सैल आहे, जा." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. ती सवय मी घरी आणली. काम सुटलं, कान अर्धे गेले, सवय तेवढी राहिली. पाहुण्यानं सिंधूला विचारलं, "कशा आहात वहिनी?" तर उत्तर मी द्यायचो.

गोडादऱ्यात आमच्या घराची वरची खोली रिकामी होती. ती चार पोरांनी भाड्यानं घेतली. निरव नावाचा गुजराती मुलगा त्यांचा म्होरक्या. शुभांगी आपल्याकडचीच, लूमवर काम करणाऱ्या माणसाची मुलगी, शिकून पुढं गेलेली. बाकीचे दोघं कायम कानात वायरी घालून. मोबाइलची ॲपं बनवायचे. काही ॲपं दुकानदारांसाठी असायची, त्याचे पैसे मिळायचे. काही काम मात्र ते इंटरनेटवर उघडं ठेवून द्यायचे. कोणीही घ्यावं, बदलावं, वापरावं, दमडी मागणार नाहीत.

मी निरवला म्हणालो, "म्हणजे ताका विणायचा आणि रस्त्यावर ठेवून द्यायचा?"

"हा काका, एवुंज."

"अशानं माझं भाडं कुठून देणार?"

सिंधू मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाणपोईवाला इचारस का, तू कोण शे?" निरवला ते इतकं आवडलं की त्यानं वरच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलं. खडूनं लिहिलंय, अजून आहे.

त्यांची एक रीत होती. ॲप तयार झालं की बाहेर सोडण्याआधी ते सिंधूच्या हातात द्यायचे. ती सहीपुरती शिकलेली. अक्षरं ओळखायची, जोडाक्षर आलं की थांबायची. हिला जमलं तर कोणालाही जमेल, असा त्यांचा हिशोब. नियम शुभांगीनं घातला होता. मावशी अडल्या, चुकल्या, चिडल्या, तरी कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. चौघं चटईवर तिच्याभोवती बसायची, जसं काही भजन चाललंय.

मला ते जमायचं नाही. मी लगेच म्हणायचो, "अगं, ते हिरवं दाब." शुभांगी डोळे वटारायची. निरव हात जोडायचा, "काका, तमे चूप बेसो ने." आणि सिंधू म्हणायची, "तुम्हीन खाले जा. माले देखू द्या."

साड्यांच्या दुकानाचं ॲप होतं. वस्तू निवडली की ती चाकं असलेल्या एका गाडीत जाते, तसं चित्र होतं. सिंधूनं ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "साड्या बाबागाडीमा कसाले टाकतस?" त्या चौघांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी गाडी जाऊन तिथं कापडाची थैली आली. एकदा फोननं लाल अक्षरांत लिहिलं, 'तुमची काहीतरी चूक झाली.' ही फोनवरच खेकसली, "मनी काय चूक? चूक तुनी शे." तेव्हापासून त्यांच्या कुठल्याच ॲपमध्ये माणसाची चूक निघत नाही. 'आमच्याकडून अडलं आहे, थोडं थांबा' असं येतं. ते सिंधूमुळं.

मग त्यांनी दवाखान्यांसाठी एक काढलं, तेही फुकट वाटायचं. इथं ओडिशाचा माणूस, यूपीचा माणूस, आपला खानदेशी, सगळे एकाच डॉक्टरच्या दारात. डॉक्टर गुजराती. दुखणं सांगायलाच अर्धा वेळ जातो. म्हणून फोनवर माणसाचं चित्र. आत जाण्याआधी जिथं दुखतं तिथं बोट ठेवायचं, बस.

चाचणीला सिंधूला वर बोलावलं. निरव म्हणाला, "मासी, काहीही दुखणं सांगा. खोटं चालेल, ट्रायल आहे."

"खोटं कसाले सांगू?" ती म्हणाली.

फोनवर बाईचं चित्र आलं आणि खाली प्रश्न, 'कुठं दुखतं?' सिंधू चित्राकडं बघत राहिली. बोट पुढं नेलं, मागं घेतलं. मग तिनं फोन उलटा केला आणि त्याच्या पाठीवर मधोमध, जरा वरच्या अंगाला, बोट ठेवलं. ठेवून तशीच बसून राहिली.

आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी. हिला सवयच, वस्तू हातात आली की उलटी करायची. निरव तर उठून उभा राहिला, "मासीए भूल पकडी." त्यांनी चित्र फक्त पुढच्या बाजूचं काढलं होतं. माणसाला पाठ असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वायरीवाल्या दोघांनी वायरी काढून टाळ्या वाजवल्या. निरवनं खालून लोचो मागवला, वर शेव आणि लोणी घातलेला, तिला आवडतो तसा.

तोवर मी सिंधूच्या हातातून फोन घेतला, सुलटा केला, तिचं बोट धरलं आणि चित्राच्या पोटावर ठेवलं. म्हणालो, "हिला ॲसिडिटी आहे. दिवसाला चहा किती पिते ते विचारा." तिनं माझ्याकडं बघितलं. बोट मी ठेवलं तिथंच राहू दिलं. लोचो तिनं खाल्ला नाही. "भूक नही," म्हणाली. ते मला तेव्हाही ऐकू आलं होतं. मी तिच्या वाटचाही खाल्ला.

पुढच्या वेळी फोनमध्ये पाठीचं चित्र होतं. बाजूचा बाण दाबला की बाई वळते आणि पाठ दिसते. सिंधूनं जे सांगितलं होतं ते मात्र फोनमध्ये उमटलंच नव्हतं, आणि मी पोटावर ठेवलेलं बोटही पुसलं गेलं होतं. चाचणीतलं सगळं खोटंच असतं, म्हणून ते पुसून टाकतात. तशी रीत आहे.

थोड्या दिवसांनी तिला जेवण जाईना. मी गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरनं तिच्याकडं बघून विचारलं, "मासी, क्यां दुखे छे?" मी म्हणालो, "पोटात, साहेब. तिखट खाते, वर चहा." तिनं तोंड उघडलं होतं. मिटलं. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. त्याला दोष नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं ऐकलं. बाहेर पडल्यावर चपला घालता घालता ती म्हणाली, "कधी माले बोलू द्या ना." मी म्हणालो, "तू काय सांगणार? गोंधळ करशील." रिक्षा आली म्हणून विषय संपला. मी पुन्हा काढला नाही, तिनंही नाही. गोळ्या संपल्या की मी त्याच आणायचो. बराच काळ आणल्या.

तिचे डोळे पिवळे झालेत हे शुभांगीनं ओळखलं. मी रोज समोर बसून जेवत होतो, मला दिसलं नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कडक. मी बोलायला लागलो तसं त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर बसा." सोबतीला शुभांगी आत राहिली.

बाहेर आली तेव्हा शुभांगी माझ्याजवळ बसली नाही. जिन्याशी भिंतीला टेकून उभी राहिली. मीच उठून गेलो. ती म्हणाली, "काका, मावशींच्या पाठीत दुखतंय. दोन खांद्यांच्या खाली, मधोमध. पोटातून मागं जातं, बसलं तरी, निजलं तरी. कधीपासूनचं आहे."

"मग बोलली का नाही?"

"डॉक्टरांनी पण तेच विचारलं. इतके दिवस कोणालाच कसं सांगितलं नाही, म्हणून." मग म्हणाली, "मावशी म्हणाल्या, 'सांगेल शे ना. फोनले सांगेल शे.'"

स्वादुपिंडाचा आजार होता. तो शब्द मी तिथं शिकलो. डॉक्टरीणबाई नंतर मला म्हणाल्या, लवकर कळलं असतं तरी वाचल्या असत्या असं सांगता येत नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. ते वाक्य माझ्या कामाचं नाही. वाचली नसती, तर नसती. सांगायची तरी राहिली नसती.

शेवटी घरीच होती. मी तिच्या खाटेजवळ बसायचो आणि गप्प बसायला शिकत होतो. वय काय आणि शिकतोय काय. एकदा तिनं माझा हात घेतला, उलटा केला, तळवा बघितला. जितका वेळ साडी बघायची तितका वेळ बघितला. मग हात खाली ठेवला आणि डोळे मिटले. काय दिसलं ते बोलली नाही. मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं. होळीच्या आधी गेली.

वरच्या खोलीत काम थांबलं. पोरं माझ्यासमोरून मान खाली घालून जिना चढायची. दवाखान्याचं ॲप त्यांनी बाहेर सोडलंच नव्हतं. एके सकाळी मी वर गेलो. निरव म्हणाला, "ते आम्ही टाकून देणार, काका. मासीनं सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या."

मी म्हणालो, "तुम्ही तिला ओळखून किती दिवस झाले? मी तिच्या शेजारी झोपत होतो. तुम्हाला ट्रायल वाटलं, मला काय झालं होतं?" मग म्हणालो, "लूमवर धाग्याची तार तुटली तर जोडतात. कोणी खातं विकत नाही. ते बाहेर काढा. फक्त चित्राच्या आधी एक गोष्ट घाला."

काय घालायचं ते सांगितलं. शुभांगी म्हणाली, "लिहून चालणार नाही, वाचणार कोण? तुमच्याच आवाजात घालू." निरवनं माझ्या तोंडासमोर फोन धरला आणि मी बोललो, "ज्याचं दुखतंय त्याच्या हातात फोन द्या. बाकीच्यांनी गप्प बसायचं."

निरव म्हणाला, "काका, जरा प्रेमथी."

"प्रेमानं सांगून नवरा गप्प बसतो का?"

तरी त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मऊ आवाजात मला जमेना. शेवटी पहिलंच ठेवलं. हिंदी आणि गुजराती दुसऱ्या कोणी म्हटलं आहे, मराठी माझं आहे. निरव सांगतो, कुठल्या कुठल्या गावांतल्या दवाखान्यांनी ते घेतलंय. कोणी रंग बदलला, कोणी चित्र बदललं. उघडं ठेवलंय, बदलणारच. पण पाठीचं चित्र कोणी काढून टाकलेलं नाही, म्हणतो.

परवा मी गुडघ्यासाठी आमच्या गल्लीतल्याच दवाखान्यात गेलो होतो. तिथंही आता तो फोन आहे, दोरीनं टेबलाला बांधलेला. माझ्या आधी एक जोडपं होतं. बोलण्यावरून मराठवाड्यातलं वाटलं. कंपाउंडर मुलीनं बाईपुढं फोन धरला तर नवऱ्यानंच ओढून घेतला, "आण इकडं, तुला काय कळतंय त्यातलं?" आणि फोनमधून मी बोललो.

तो दचकला. फोनकडं बघून म्हणाला, "कोण आहे हा म्हातारा?"

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. बाईनं तोवर फोन हातात घेतला होता. चित्र बघितलं. बोट पुढं नेलं, मागं घेतलं. बाजूला तो बाण होता, तिला दिसत नव्हता. माझी जीभ दातांपर्यंत आली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. तिनं शोधला, दाबला, चित्र वळलं.

मी भिंतीकडं तोंड केलं. तिनं बोट कुठं ठेवलं ते मी बघितलं नाही. ते तिचं तिनं आत जाऊन सांगायचं होतं.