पांढऱ्या पँटची परीक्षा

गाड्यांच्या चामडी सीट चमकवणाऱ्या वहिनीला गेल्या आठवड्यात घाई नडली. टॅक्सीवाल्या काकांच्या सीटवर तिने मळ न काढताच क्रीम चोळलं, आणि काकांच्या पँटवर मागच्या बाजूला काळा नकाशा उमटला. "पुन्हा असं झालं तर स्टँडवरची एकही गाडी तुझ्याकडे येणार नाही," काका बजावून गेले.

आज त्याच सीटसमोर वहिनी बाह्या सरसावून बसली. मऊ ब्रशने शिवणीशिवणीत फेस फिरवायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, फडकं मळलं की पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, धुतेयस की कातडं सोलतेयस?" नवऱ्याने दारातून चिडवलं.

"हे आधीच सोललेलं आहे. तुमचं बाकी आहे."

फडकं स्वच्छ निघालं तेवढ्यात काका हजर, मुद्दाम पांढरी पँट घालून. धपकन बसले, इकडेतिकडे घासून पाहिलं आणि डाग पडलाय का ते बघायला उठून नवऱ्याकडे पाठ केली. डाग नव्हता. काका खुशीत किल्ली मागू लागले.

वहिनीने किल्ली मुठीत धरली. "शिवणी अजून ओलसर आहेत. त्या वाळल्याशिवाय क्रीम नाही, आणि क्रीम लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. बसा बाकावर."

काका निमूट बसले. आधी बाक हाताने पुसून घेतला, एवढंच.