गाणगापूरचा चक्का आणि सुमनची तोंडी परीक्षा

बुधवारच्या टपालानं औरादला दोन जिन्नस आले: सुमनच्या प्रबंधाची बांधीव प्रत, बांधणी नि टपाल मिळून बावीस रुपये, आणि सोमवारी गुलबर्ग्याला तोंडी परीक्षेला या, असं फुकटचं पत्र. पत्र मी आधी देवापुढं ठेवलं.

सुमन माझी लेक. मऊ, भोकाभोकांच्या थरावरून आणि थराच्या आतून पाणी कसं वाहतं, याची गणितं ती चार वर्षं मांडत होती. मी मॅट्रिक, मला त्यातलं काही कळत नाही. मी नवस तेवढा बोलले: परीक्षेआधी गाणगापुरात श्रीखंडाची मधुकरी वाढीन.

शनिवारी पहिल्या गाडीनं बिदर, पुढं हुमनाबादवरून गुलबर्गा, मग गाणगापूर. दशम्या घरूनच न्या. वाटेतला चहा नुसतं गोड पाणी. सुमन प्रबंध मांडीवर घेऊन पुटपुटत होती.

"अगं, त्यापेक्षा जप कर."

"तेच करायलेय, आई."

पुजाऱ्यांच्या घरी उतरलो. जेवणासकट माणशी आठ रुपये, खोली स्वच्छ. रविवारी दही मिळायलाच उशीर झाला आणि मधुकरी तर बाराला. घाईघाईनं फडक्यातल्या दह्यावर मी वरवंटा ठेवला. भळाभळा पाणी आलं नि धार तुटली. पाटाही चढवला. थेंब नाही.

पुजारीणबाई हसल्या. "कामून दाबायलाव एवढं, अक्का? तळाचं दही घट्ट बसलं की पाणी जाईल कुठून? दगूड काढा, गाठोडं उलटं बांधा."

सुमनचा चेहरा उतरला. "आई, पाण्याच्या जोरानं थर चेपतो, हे मी धरलंय. चेपल्यावर भोकं आवळतात, हे न्हाई धरलं. माझ्या गणितात जितकं दाबावं तितकं पाणी जास्त."

"उद्या कुणी विचारलं तर?"

"आणि न्हाई विचारलं तर?"

"तर गप्प बस," मी म्हणाले. दत्ताच्या गावात, हातात नवसाचं दही धरून.

श्रीखंड पातळच राहिलं. झोळी घेऊन आलेली एक म्हातारी म्हणाली, "हे खायाचं व्हय का प्यायाचं?" मला हसू आलं नाही. (नवस असेल तर दही आदल्या संध्याकाळीच टांगा.)

सोमवारी विद्यापीठात मी बाहेर बाकावर, हातात माळ. तासाभरानं सुमन आली.

"मीच आधी सांगून टाकलं."

"अगं बाई! मग?"

"किती दाबापर्यंत तुझं उत्तर खरं, म्हणाले. हलक्या दाबापुरतं, मी म्हटलं. शेवटचं प्रकरण पुन्हा लिही, मग ठरवू, म्हणाले."

ती तिथल्याच वसतिगृहात राहिली. मी एकटी परतले. शेजारची जागा रिकामी होती, तरी पिशवी मांडीवरच धरून बसले.

काल घरी दही टांगलं. वर काही ठेवलं नाही. दिवसभर पाणी ठिबकत होतं आणि मी ऐकत होते.

सुमन, ही हकिकत मासिकाबरोबर तुलाही पाठवते आहे. गप्प बस म्हणाले, ते मनात धरू नकोस. प्रकरण कुठवर आलं, विचारत नाही. जेवतेस की नाही, तेवढं परतीच्या टपालानं कळव.