घरी परत जाणारं पाणी

आमच्या शाळेची सिस्टर म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. घरी असो की शाळेत, मी तिला सिस्टरच म्हणते. शाळेत चुकून घरचं नाव तोंडातून निघालं, तर पोरं त्यावरून आठवडाभर हसतील. ती मात्र मला सगळीकडे ताई म्हणते. त्यामुळे मागच्या बाकांवर माझं नाव ‘ताईबाई’ पडलंय, हे मला ठाऊक आहे. ऐकू येत नाही असं दाखवते, झालं.

मी विज्ञान शिकवते, वीस वर्षं झाली. माझा तास सुरू झाला की वर्गाबाहेर कुणी जायचं नाही, हा माझा नियम. एकाला सोडलं की दहा जणांचे हात वर होतात. सिस्टरची तऱ्हा याच्या अगदी उलटी. जिन्याखाली तिची आजाऱ्यांची खोली आहे. एक लोखंडी पलंग, एक स्टूल, गरम पाण्याची पिशवी आणि एक जाडजूड वही, एवढाच तिचा संसार. मूल आलं की आधी दहा मिनिटं नुसतं पडू द्यायचं, एक शब्द विचारायचा नाही, ही तिची रीत. मग स्टूल पुढे ओढून म्हणायची, “हं, आता सांग.” मला हे लाड वाटायचे आणि मी ते तिला तोंडावर सांगायचे. ती हसायची आणि वहीत लिहीत राहायची.

गेल्या वर्षी त्या वहीने घोटाळा केला. तीन महिन्यांत पोटदुखीच्या एकशे चाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या बहुतेक सहावी-सातवीच्या मुली, आणि वेळ बहुधा तिसऱ्या-चौथ्या तासाची. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. त्यांनी वही चाळली आणि निकाल देऊन टाकला.

“पोट दुखतं म्हणून खोली नाही, खोली आहे म्हणून पोट दुखतं. कुलूप लावा. खेळाचं सामान ठेवायला जागा होईल, आणि पोटंही बरी होतील.”

सिस्टर कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. “मला ही सहामाही द्या, मोठ्या बाई. कारण शोधून दाखवते.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तर मीच कुलूप लावीन.”

हे जमेल असं तिला का वाटलं, तर चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईसाहेब परिचर्येची पुढची पदवी करत होत्या. दर शनिवारी कॉलेज. तिथल्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं होतं की विषय पुस्तकातून आणू नका, रोज जे बघता त्यातून आणा. तिने पोटदुखी नेली. “माझ्या गुडघ्यावर का नाही संशोधन करत?” असं माझा भाऊ विचारायचा. “तुमचं कारण सापडलंय, तुम्ही चालत नाही,” असं तिचं उत्तर.

तिने बारा प्रश्नांचा कागद केला. सकाळी काय खाल्लं, किती तास झोपलास, दिवसाला किती ग्लास पाणी पितोस, वगैरे. पालकांच्या सह्या घेतल्या, मुलांनी नाव लिहायचं नाही असं ठरवलं आणि कागद चार वर्गशिक्षकांच्या हाती दिले. त्यातला सहावीचा एक वर्ग माझा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर जेवणाच्या टेबलावर कागदच कागद, आणि ती गालावर हात ठेवून बसलेली.

“ताई, तुमच्या वर्गातली सगळी मुलं रोज आठ ग्लास पाणी पितात.”

“बरंय की.”

“सगळी नऊ तास झोपतात. सगळी सकाळी पोटभर खातात. एकालाही कसली भीती वाटत नाही. आणि शेजारच्या तिन्ही वर्गांचंही अगदी हेच.”

माझा चेहरा पडला असणार. झालं होतं असं, की कागद हातात पडल्याबरोबर मुलांनी सुरू केलं, “बाई, हे बरोबर का? बाई, याला किती मार्क?” माझ्या वर्गाने चुकीची उत्तरं द्यावीत हे मला बघवेना. मी फळ्यावर बाराच्या बारा उत्तरं लिहून दिली, पुस्तकात आहेत तशी. शेजारच्या वर्गांच्या बाईंनी ती माझ्याच फळ्यावरून उतरवून नेली.

तिने मला बोलून घ्यायला हवं होतं. तिने चहा टाकला. मला त्याचा जास्त राग आला. “मी काय मुद्दाम केलं?” असं मीच फणकाऱ्याने म्हणाले.

“नाही हो ताई. कागद दिसला की मुलांना परीक्षाच दिसते. हे मलाच कळायला हवं होतं.”

सहामाही संपायला पाच आठवडे उरले होते. हाती काही नव्हतं आणि खोली जाणार होती. मला त्या रात्री नीट जेवण गेलं नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग एक मंगळवार आला. सातवीतली एक काटकुळी मुलगी दर मंगळवारी न चुकता पोट धरून यायची. सिस्टर तिला ‘मंगळवारची पाहुणी’ म्हणायची. त्या दिवशी शाळा सुटताना ती पलंगावरून उठली, तेव्हा सिस्टरने तिचं दप्तर उचलून दिलं. ते भलतंच जड लागलं. बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

“आज पाणी नाही प्यायलीस?”

“प्यायले की, सिस्टर. आठ ग्लास.”

सिस्टरने बाटली परत कप्प्यात ठेवली. संध्याकाळी ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. “ताई, तुमचा वजनकाटा द्याल थोडे दिवस?”

माझा बटाटे तोलायचा काटा शाळेच्या फाटकाशी गेला. मार्गदर्शक बाईंची परवानगी आली, पालकांच्या सह्या पुन्हा झाल्या, बाटल्यांवर नावाऐवजी आकडे चिकटले. सकाळी येताना बाटली तोलायची, सुटताना पुन्हा तोलायची. मधे कुणी नळावर भरून घेतली तर खूण करायची. तोलायला मी उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, पण उभी राहिले.

पहिल्या दिवशी एकूण एक बाटली रिकामी! मी खूश. इतक्यात शाळेचा माळी तणतणत आला. त्याच्या कुंड्यांमध्ये तळी झाली होती. बाटली रिकामी केली की शाबासकी मिळणार, अशी पोरांनी आपली समजूत करून घेतली होती.

“चालायचंच,” सिस्टर म्हणाली. “पहिले तीन दिवस मोजायचेच नाहीत. काट्याचं नवल सरू दे.”

चौथ्या दिवसापासून काट्याकडे कुणी बघेना, आणि खरं दिसू लागलं. मुलगे दोन-दोनदा बाटल्या भरून घेत होते. सह्या आलेल्या अडतीस मुलींपैकी सत्तावीस जणी मात्र आणलेलं बहुतेक सगळं पाणी घरी नेत होत्या. रोज. पाणी शाळेत येत होतं आणि फेरफटका मारून घरी परत जात होतं.

यावेळी सिस्टरने कागद काढला नाही. दोन-दोन मुलींना बोलावलं, पलंगावर टेकू दिलं, दहा मिनिटं गप्प बसली आणि मग विचारलं, “पाणी का नाही पीत गं?”

रविवारी ती चार पानं घेऊन आली. मी भाजी निवडत होते. “आधी तुम्ही वाचा,” म्हणाली आणि समोर बसून माझी भाजी निवडू लागली.

मुलींच्या स्वच्छतागृहात तीन दारं, आणि एकालाही आतून कडी नाही. एकीने आत जायचं, तर दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. दहा मिनिटांच्या सुट्टीत रांग संपत नाही. मग जावं लागू नये म्हणून प्यायचंच नाही, आणि तिसऱ्या तासापर्यंत पोट दुखू लागतं. हे पहिलं कारण. त्याखाली दुसरं होतं: ‘विज्ञानाच्या तासाला सोडत नाहीत. मंगळवारी तो सलग दोन तास असतो.’

“हे कोण म्हणालं?”

“नावं नसतात, ताई.”

“पण माझं आहे ना! विज्ञान शिकवणारी मी एकटी. मोठ्या बाईंपुढे वाचणार तू हे? घरच्या माणसाने?”

“म्हणूनच आधी तुम्हाला दाखवलं.” ती खाली मान घालून देठं खुडत होती. “नुसतं ‘काही तासांना’ असंही लिहिता येईल. तुम्ही म्हणाल तसं.”

मी बरंच बोलले. वीस वर्षं, शिस्त, तुला काय माहीत चाळीस पोरं सांभाळणं, सगळं बोलून घेतलं. मग बोलायचं संपलं. दरवर्षी मी मूत्रपिंडाचा धडा शिकवते. आकृती सुरेख काढते, रंगीत खडूंनी. पाणी न प्यायल्याने काय होतं, हेही फळ्यावर लिहून देते. आणि समोर मुली पोट दाबून बसलेल्या असत. मला फार लाज वाटली.

“ठेव ते वाक्य,” मी म्हणाले.

“नक्की?”

“ठेव म्हणते ना! आणि वाचताना पुटपुटू नकोस.”

ती पुटपुटली नाही. शिक्षकांच्या बैठकीत तिने सगळं स्वच्छ वाचलं. माझं वाक्य आलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. मोठ्या बाई उठल्या, वरच्या मजल्यावर गेल्या, तिन्ही दारं स्वतः ढकलून आल्या. “सुताराला बोलवा,” एवढंच म्हणाल्या. आजाऱ्यांच्या खोलीसाठी आणून ठेवलेलं कुलूप खेळाच्या कपाटाला लागलं.

पुढच्या तीन महिन्यांत पोटदुखीच्या नोंदी एकवीस झाल्या. मी पेढे वाटल्यासारखी सगळ्यांना सांगत सुटले. सिस्टर म्हणते, “एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, ताई. अजून एक सहामाही बघू.” तिच्या या सावधपणापुढे मी हात टेकले आहेत.

माझा नियम मात्र मी लगेच मोडला. त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मी सातवीच्या वर्गात आकृती काढत होते. तास अर्धा झाला असेल. मागून आवाज आला, “बाई, जाऊ?” आवाज ‘मंगळवारच्या पाहुणी’चा होता, आणि पुढचं वाक्यही तिने आधीच ठरवून ठेवलेलं वाटलं. कारण मी ‘नाही’ म्हणेन, अशी तिची खात्री होती.

“जा,” मी म्हणाले.

ती गेली. बाकी कुणाचा हात वर झाला नाही. पाच मिनिटांत ती परत आली, जागेवर बसली, दप्तरातून बाटली काढली आणि भर तासाला, माझ्याकडे बघत, घटाघटा प्यायली. अर्धी बाटली संपवूनच तिने झाकण लावलं. मी खडू खाली ठेवला. मग मी म्हणाले, “सगळ्यांनी प्या,” आणि वर्गभर झाकणं उघडू लागली.