हितं ये की

नाव संस्कृती, आणि तोंड उघडलं की 'न्हाय', 'लई', 'कुटं'! मंगळवेढ्याची ही पोर सोलापुरातल्या शाळेत आली तेव्हापासून वर्गाची फुकट करमणूक होत होती. पण पोर खमकी. हसणाऱ्यांच्या आधी स्वतःच हसायची आणि कामाला लागायची. म्हणून तर नेतृत्व स्पर्धेसाठी नववीचा संघ निवडताना मुलांनी कप्तान म्हणून तिलाच उभं केलं.

संघाची तयारी घेणाऱ्या सुबोध सरांना मात्र हे पटेना. स्पर्धेत भाषेला वेगळे गुण होते. त्यांनी तिला बजावलं, प्रमाण मराठीत बोललीस तरच जिल्हा फेरीत कप्तान राहशील, नाहीतर श्रावणी. श्रावणीचं बोलणं अगदी छापील, आणि संस्कृतीची नक्कल करण्यात ती सगळ्यांच्या पुढे. संस्कृतीला कप्तानपद हवंच होतं. तिने बरेच दिवस 'नाही' आणि 'आहे' घोटलं.

पहिल्या फेरीच्या मैदानावर संघातल्या चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून कुंड्यांमधून वाट काढायची, कप्तानाने दोरीबाहेरून नुसतं बोलायचं. सगळे संघ एकदम सुटले आणि सगळे कप्तान एकसारखंच ओरडू लागले, उजवीकडे वळा, डावीकडे वळा. कोण कुणाला सांगतंय, काही कळेना. रांगेत सगळ्यांत पुढची श्रावणी भलत्याच कप्तानाचं ऐकून भलत्याच संघात घुसली आणि रडकुंडीला येऊन जागीच थांबली.

संस्कृतीने सरांकडे पाहिलं. तिच्या मनातलं ओळखून सरांनी हळूच मान हलवली, नको. तिने बाह्या वर सारल्या.

"श्रावणे, भिऊ नगं. तितं न्हाय, हितं ये की!"

श्रावणीची मान झटकन वळली. मग काय, 'जरा सरक की', 'लई झालं, मागं ये' करत कप्तानीणबाईंनी चौघांना बाहेर काढलं.

परीक्षकांनी भाषेचे गुण कापले ते कापलेच. वर एका बाईंनी विचारलं, मध्येच भाषा का सोडलीस?

"शुद्ध तर समदेच बोलत हुते, मॅडम. माज्या माणसांनी मला वळखायचं कसं?"

संघ दुसरा आला. जिल्हा फेरीला पहिले दोन जाणार होते. सर श्रावणीला बाजूला घेऊन कप्तानपदाच्या तयारीचं सांगू लागले, तर तिने त्यांना मध्येच थांबवलं.

"सर, डोळे बांधल्यावर मला संस्कृतीचंच ऐकू येतं. कप्तान तीच राहू दे."

सरांनी संस्कृतीला बोलावून विचारलं, जमेल ना?

"व्हय सर."

सरांनी सवयीने तिला सुधारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.